इंजिनाचा मळ वाहणारे तेल

गाडीचे ऑइल वेळेवर का बदलायचे आणि बदललेले काळे ऑइल जाते कुठे? पहिल्या प्रश्नाशी इंजिनाचे आयुष्य जोडलेले आहे, दुसऱ्याशी माणसाची त्वचा आणि गावचे पाणी.

गॅरेजमध्ये डिपस्टिक बाहेर काढून काळेभोर ऑइल दाखवले, की गाडीचा मालक बिल द्यायला तयार होतो. काळे म्हणजे खराब, हे गणित सर्वांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. प्रत्यक्षात ते अर्धेच खरे आहे. डिझेल गाडीत नवे ऑइल घातले, तर काही दिवसांतच ते काळे पडते, आणि तरीही ते उत्तम काम करत असते. उलट मधासारखे स्वच्छ दिसणारे ऑइलही आतून संपलेले असू शकते. इंजिन ऑइलचा रंग त्याच्या प्रकृतीबद्दल फारसे काही सांगत नाही. तो सांगतो एवढेच, की हे तेल इंजिनातला मळ आपल्या अंगावर घेत आहे.

हा मळ अंगावर घेणे हेच त्याचे निम्मे काम. ठरावीक काळाने ऑइल बदलायचे ते त्यामुळेच. पण ऑइल बदलले म्हणजे मळ नाहीसा झाला, असे होत नाही. इंजिनातून निघालेला मळ मेकॅनिकच्या हातांवर, तिथून त्याच्या कपड्यांवर आणि बऱ्याचदा गॅरेजमागच्या गटारात उतरतो. म्हणून ऑइल आणि फिल्टर बदलणे ही साधी, नेहमीची गोष्ट गाडीच्या देखभालीपुरती उरत नाही. तो आरोग्याचाही विषय होतो.

केसाहून पातळ गादी

गाडी मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वेगाने चालत असेल, तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो. प्रत्येक पिस्टन त्या एका सेकंदात ५० वेळा वर-खाली होतो. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचे तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. इतक्या धुमश्चक्रीत लोखंडावर लोखंड थेट घासले, तर इंजिन काही मिनिटांत जॅम होईल. तसे होत नाही, कारण दोन धातूंच्या मध्ये तेलाचा थर असतो. हा थर बहुतेक ठिकाणी अवघा काही मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे सगळ्या इंजिनाचा भार केसाच्या काही अंश जाडीच्या गादीवर पेललेला असतो.

ही गादी कशी तयार होते, याचा शोध योगायोगाने लागला. ब्रिटनमधील अभियंता बोशाँ टॉवर १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या वरच्या बाजूला भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून बाहेर येऊ लागले. त्याने भोकात बूच ठोकले, तर तेलाने ते बाहेर ढकलले. आसाच्या फिरण्यामुळेच तेल निमुळत्या फटीत ओढले जाते आणि तिथे मोठा दाब तयार होतो, हे त्यातून लक्षात आले. १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने त्यामागचे गणित मांडले. आजच्या प्रत्येक गाडीचे बेअरिंग याच तत्त्वावर तरंगते.

पण तरंगण्यासाठी वेग लागतो. इंजिन सुरू करताना, बंद करताना आणि पिस्टन वरच्या किंवा खालच्या टोकाला क्षणभर थांबतो तेव्हा थर पातळ होतो व धातू धातूला टेकतो. या नाजूक क्षणांसाठी तेलात जस्त आणि फॉस्फरस असलेले एक रसायन मिसळलेले असते. ते धातूवर पातळ कवच धरते आणि धातूऐवजी स्वतः झिजते. झिजणारी गोष्ट कधी ना कधी संपते. ऑइल बदलण्याचे पहिले कारण इथे सापडते.

तेल म्हातारे कसे होते?

बाजारातील इंजिन ऑइल हे नुसते तेल नसते. त्यातील मूळ तेलाचा वाटा मोठा, पण उरलेला भाग निरनिराळ्या रसायनांचा असतो. एक मळ धुऊन काढते. दुसरे त्या मळाचे कण एकमेकांना चिकटू न देता तेलात तरंगते ठेवते. तिसरे आम्ल मारते. चौथे हवेतील ऑक्सिजनपासून तेलाचे रक्षण करते. पाचवे गरम झाल्यावरही तेल फार पातळ होऊ देत नाही.

इंजिन चालू असताना पिस्टनच्या रिंगांमधून थोडे जळके वायू सतत खाली, तेलाच्या चेंबरमध्ये निसटतात. त्यांच्याबरोबर काजळी येते, न जळलेले इंधन येते, नायट्रोजन आणि गंधकाची आम्ले तयार करणारे वायू येतात आणि पाण्याची वाफही येते. पाणी कुठून आले, असा प्रश्न पडेल. इंधनातील हायड्रोजन जळला की पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोल जळले, की साधारण एक लिटर पाणी तयार होते. त्यातील जवळपास सगळे वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडे तेलात उतरते.

काजळीचे कण तरंगते राहिल्यामुळे तेल काळे दिसते. ते काळे झाले नसते, तर तीच काजळी इंजिनाच्या आत कुठेतरी थापली गेली असती. आम्ल मारणारे रसायन मात्र दर दिवशी थोडे थोडे खर्च होते. ते संपले की आम्ल बेअरिंगच्या मऊ धातूला खाऊ लागते. ऑक्सिजनपासून रक्षण करणारे रसायन संपले की तेल घट्ट होऊ लागते. मळ तरंगता ठेवणारे रसायन थकले की काजळी, पाणी आणि जुने तेल मिळून डांबरासारखा गाळ तयार होतो. हा गाळ तेल ओढून घेणाऱ्या जाळीवर बसला, तर चेंबरमध्ये पुरेसे तेल असूनही इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत ते पोहोचत नाही.

टर्बो असलेल्या गाडीत धोका आणखी जवळ असतो. टर्बोचा आस मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्याला तेल पुरवणारी नळी बारीक असते. तिथे तेल जळून कडक कोळसा झाला, तर टर्बो बदलण्याचा खर्च अनेक वर्षांच्या ऑइल बदलाच्या खर्चाहून जास्त होतो. आणि हे सारे बोटाला तेल लावून, चोळून किंवा वास घेऊन कळत नाही. प्रयोगशाळेत नमुना तपासला तर कळते. सामान्य वाहनचालकाच्या हाती एकच भरवशाचे साधन उरते, ते म्हणजे ठरलेला काळ पाळणे.

किलोमीटर की महिने?

आपल्याकडील अनेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत ‘१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यापैकी जे आधी येईल ते’ असे लिहिलेले असते. यातील पहिला अर्धा भाग सर्वांना पाठ असतो आणि दुसरा बहुतेक जण विसरतात. घर ते कचेरी सहा किलोमीटर, परत सहा किलोमीटर एवढेच रनिंग असेल, तर वर्षाला साडेतीन-चार हजार किलोमीटर होतात. दहा हजार पूर्ण होण्याची वाट पाहिली, तर तेच तेल अडीच-तीन वर्षे इंजिनात राहील.

कमी चालणारी गाडी कमी झिजते, ही समजूत तेलाच्या बाबतीत उलटी ठरते. छोट्या फेरीत तेल पुरते तापतच नाही. ते नव्वद-शंभर अंशांपर्यंत तापून काही वेळ तसे राहिले, तरच त्यात उतरलेले पाणी आणि पेट्रोल उडून जाते. रोज दहा मिनिटे चालून थांबणाऱ्या गाडीत ते साठत राहते. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली कधी कधी दिसणारा पिवळसर, लोण्यासारखा फेस बहुधा या पाण्याचाच असतो. लांबच्या प्रवासानंतर तो गेला तर काळजी नाही. तो जात नसेल आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर मात्र गॅस्केट तपासून घ्यावे.

दुसरी फसवणूक वाहतूक कोंडीची. गाडी जागच्या जागी चालू असताना इंजिन मिनिटाला सुमारे आठशे फेरे घेते. तासाभरात ते अठ्ठेचाळीस हजार फेरे होतात आणि किलोमीटरच्या आकड्यात एकाचीही भर पडत नाही. पुण्या-मुंबईच्या कोंडीत रोज अडकणारी गाडी कागदावर दिसते त्याहून बरीच जास्त चाललेली असते. त्यामुळे अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत दोन वेळापत्रके असतात, एक साधारण वापरासाठी आणि एक ‘कठीण परिस्थिती’साठी. धूळ, सततची कोंडी, छोट्या फेऱ्या, घाटातील ओझ्याचा प्रवास, हे सारे दुसऱ्या वर्गात मोडते. आपल्याकडचे बहुतेक चालक स्वतःला पहिल्या वर्गात धरतात, पण त्यांचे रस्ते दुसऱ्या वर्गातले असतात.

दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात एक तपासणी घरीच करता येते. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे. पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि बाहेर काढून पाहावे. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी असणे वाईट, तसे जास्त असणेही वाईट. वरच्या खुणेच्या फार वर तेल गेले, तर फिरणारा क्रँक ते ताकासारखे घुसळतो. त्यात हवा मिसळून फेस होतो आणि फेसाची गादी भार पेलू शकत नाही.

डॅशबोर्डवरचा लाल रंगाचा तेलाचा दिवा बहुतेक गाड्यांत तेलाची पातळी नव्हे, तेलाचा दाब दाखवतो. तो पेटतो तेव्हा बेअरिंगपर्यंत तेल पोहोचत नसते. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत हळूहळू जाऊ’ हा विचार इंजिनाचा जीव घेतो. गाडी सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे आणि ती टोइंग करूनच न्यावी.

तीन फिल्टर, तीन कामे

सुरुवातीच्या मोटारींत तेल गाळण्याची नीट सोय नव्हती. अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ या दोघा अमेरिकनांनी १९२३ मध्ये गाडीच्या ऑइल फिल्टरचे पेटंट मिळवले. त्यांनी त्याला दिलेले ‘प्युरोलेटर’ हे नाव ‘प्युअर ऑइल लेटर’ या शब्दांच्या जोडणीतून आले होते.

ऑइल फिल्टरमधील घडीचा कागद झिजेतून सुटलेला धातूचा कीस आणि धुळीचे मोठे कण अडवतो. एक मायक्रॉनहून लहान काजळी मात्र त्यातून आरपार जाते. म्हणून नुसता फिल्टर बदलून जुने तेल नवे होत नाही. याच्या उलट चूकही होते. तेल नवे भरले जाते आणि थोडे पैसे वाचवण्यासाठी फिल्टर जुनाच ठेवला जातो. त्या फिल्टरमध्ये साठलेले कपभर काळे तेल इंजिन सुरू होताच नव्या तेलात मिसळते. शिवाय फिल्टर चोंदला की त्यातील एक झडप उघडते आणि तेल न गाळताच इंजिनात जाऊ लागते. इंजिन कोरडे पडण्यापेक्षा घाण तेल बरे, म्हणून केलेली ही सोय आहे. पण ती उघडल्याचे चालकाला कळत नाही.

एअर फिल्टर इंजिनाचे नाक आहे. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. माणूस दिवसभरात श्वासावाटे घेतो, जवळपास तितकी. लिटरला १५ किलोमीटर चालणारी गाडी दहा हजार किलोमीटरमध्ये साठ लाख लिटर हवा ओढते. त्या हवेतील धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ लोखंडाहून कठीण असतो. असा कण लायनर आणि रिंग यांच्या मध्ये गेला, की तो पॉलिश पेपरसारखे काम करतो. फिल्टर चोंदल्यास मायलेज खूप घटते, हे कार्ब्युरेटरच्या जमान्यातले सत्य होते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत आधुनिक, संगणकावर चालणाऱ्या पेट्रोल गाड्यांचे मायलेज चोंदलेल्या फिल्टरमुळे फारसे बदलले नाही. गाडीची ओढ मात्र मंदावली. म्हणजे फिल्टर बदलायचा तो पेट्रोल वाचवण्यासाठी कमी आणि इंजिन वाचवण्यासाठी जास्त. फाटलेला किंवा नीट न बसवलेला फिल्टर तर चोंदलेल्या फिल्टरहून घातक.

तिसरा फिल्टर माणसांसाठी असतो. एसीच्या हवेच्या वाटेवरचा केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागे बसवलेला असतो. गाडी घेतल्यापासून तो एकदाही बदलला नाही, असे कित्येकांच्या बाबतीत घडते. ओलसर, धुळीने भरलेल्या फिल्टरवर बुरशी वाढू शकते. एसी लावताच कुबट वास येणे आणि शिंका सुरू होणे ही त्याची खूण. घरात दमा किंवा ॲलर्जीचा रुग्ण असेल, तर हा फिल्टर पावसाळा संपताच बदलणे चांगले. रस्त्यावर पुढे धूर सोडणारा ट्रक असेल, तर हवा आतल्या आत फिरवणारे बटण दाबावे. लांबच्या प्रवासात मात्र ते सतत चालू ठेवू नये. बंद गाडीत श्वासातील कार्बन डायऑक्साइड साठतो आणि चालकाला जडपणा येतो.

डब्यावरचे आकडे

‘५डब्ल्यू-३०’ यातील ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीत तेल किती प्रवाही राहते ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर ते किती घट्ट राहते ते. पहिला आकडा जितका लहान, तितके सकाळी पहिल्या स्टार्टला तेल लवकर वर पोहोचते. ‘आपल्याकडे उकाडा आहे, जाड ऑइल घाला’ हा जुना सल्ला आजच्या बारीक फटींच्या इंजिनाला मानवत नाही. पुस्तिकेत लिहिलेला दर्जा हाच योग्य दर्जा.

दुचाकीची गोष्ट वेगळी आहे. बहुतेक मोटरसायकलींत एकच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना सांभाळते आणि ते असते जेमतेम लिटरभर. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी जी रसायने असतात, त्यांनी मोटरसायकलचा क्लच घसरू लागतो. म्हणून कारचे उरलेले ऑइल बाइकमध्ये ओतू नये. बाइकसाठी डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहावी. रिकामा झालेला डबा टाकण्यापूर्वी त्याला भोक पाडावे किंवा तो कापावा. चांगल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यांत भेसळीचे तेल भरून विकणाऱ्यांना हेच डबे हवे असतात.

हातांवर चढलेला मळ

तेल आणि त्वचा यांचे नाते वैद्यकशास्त्राला फार पूर्वी कळले आहे. इंग्लंडमधील लँकशरच्या सूतगिरण्यांत ‘म्यूल’ नावाच्या यंत्रांवर काम करणारे कामगार यंत्राच्या दांड्यावर वाकून काम करत. चात्यांवरून उडणाऱ्या खनिज तेलाने त्यांच्या विजारी रोज भिजत. या कामगारांत अंडकोषाच्या त्वचेचा कर्करोग मोठ्या प्रमाणात आढळतो, हे मँचेस्टरच्या साउदम आणि विल्सन या डॉक्टरांनी १९२२ मध्ये जगापुढे मांडले. धोका केवळ तेल हाताला लागण्यात नव्हता. तेलाने भिजलेले कापड वर्षानुवर्षे त्वचेला चिकटून राहण्यात होता. या यंत्रांवर कोणते तेल वापरावे, याचे नियम ब्रिटनमध्ये व्हायला १९५३ साल उजाडले.

आज डब्यात मिळणारे नवे इंजिन ऑइल त्या काळच्या तेलापेक्षा कितीतरी जास्त शुद्ध केलेले असते. घातक घटक त्यातून काढलेले असतात. पण इंजिनात गेल्यावर अर्धवट जळलेल्या इंधनातून तसेच घटक त्यात पुन्हा जमू लागतात. पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन हे त्यांचे लांबलचक नाव. धूर, डांबर आणि काजळी यांतही ते असतात. तेल जितके जास्त वापरले जाते, तितके त्यांचे प्रमाण वाढते. पेट्रोल इंजिनातील वापरलेले तेल उंदरांच्या त्वचेवर वारंवार लावल्यावर त्यांना गाठी झाल्या, असे प्रयोगांत दिसले आहे. या घटकांपैकी बेंझोपायरीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

म्हणून घाबरून जायचे कारण नाही. वर्षातून एकदा स्वतःच्या गाडीचे ऑइल बदलताना हात माखले, तर साबणाने धुतले की झाले. प्रश्न रोज पाच-सहा गाड्यांचे ऑइल काढणाऱ्या आणि तीस वर्षे हेच करणाऱ्या माणसाचा आहे. शाळा सुटल्यावर गॅरेजात शिकायला लागलेल्या पोराचा तर त्याहून जास्त, कारण त्याच्या त्वचेला हा सहवास सर्वाधिक वर्षे घडणार असतो. हातावर कायमचे काळे भेग पडलेले ठसे, मनगटाजवळची खाज, मांड्यांवर उठणाऱ्या काळ्या तोंडाच्या पुळ्या, या तक्रारी ‘धंद्यातल्याच’ म्हणून सोडून दिल्या जातात.

त्यात भर पडते ती हात धुण्याच्या पद्धतीची. पेट्रोल किंवा रॉकेलने हात चटकन स्वच्छ होतात हे खरे. पण ते त्वचेवरचा नैसर्गिक स्निग्ध थरही काढून नेतात. त्वचा कोरडी पडून फाटते आणि भेगांतून पुढचे तेल आणखी आत शिरते. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन असते आणि ते रक्ताच्या कर्करोगाशी जोडलेले आहे. त्याऐवजी हाताला थोडे खोबरेल किंवा खाण्याचे तेल चोळावे. काळे तेल त्यात विरघळते. मग साबण आणि पाण्याने हात धुवावेत व शेवटी पुन्हा थोडे खोबरेल लावावे.

बाकीची पथ्येही खर्चिक नाहीत. तेल काढताना नायट्राइल रबराचे हातमोजे घालावेत. तेलकट फडके पँटच्या खिशात कोंबू नये. लँकशरच्या कामगारांची कहाणी इथेच जिवंत होते. तेलाने भिजलेले कपडे त्याच दिवशी बदलावेत आणि घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. जेवण, तंबाखू, विडी हे सारे हात धुतल्यानंतरच. नुकत्याच थांबलेल्या इंजिनाचे तेल त्वचा भाजण्याइतके गरम असते, म्हणून ते कोमट होऊ द्यावे. हातावर किंवा मांडीवर बरी न होणारी जखम, चामखिळीसारखी वाढ किंवा खवले धरणारा डाग तीन-चार आठवडे टिकला, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. लाजेमुळे जांघेतील गाठ लपवणे सर्वांत महाग पडते. वेळीच कळले, तर त्वचेच्या कर्करोगावर उपचार सहसा यशस्वी होतात.

जळके ऑइल गटारात नको

छोट्या कारमधून एका वेळी तीन-साडेतीन लिटर तेल निघते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या सांगण्यानुसार एका गाडीच्या एका ऑइल बदलातील तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी नासवू शकते. तेल पाण्यावर पातळ पसरते, हवेतील ऑक्सिजन पाण्यात मिसळू देत नाही आणि माशांच्या कल्ल्यांना चिकटते. त्यातील जड धातू आणि जळके घटक गाळात बसतात आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतात.

आपल्याकडे जळके ऑइल फुकट जात नाही. वाळवी लागू नये म्हणून ते लाकडाला फासले जाते. स्लॅबच्या सेंट्रिंगच्या फळ्यांना लावले जाते. काही ठिकाणी भट्टीत जाळले जाते. डासांच्या अळ्या मराव्यात म्हणून ते साचलेल्या पाण्यावर ओतण्याचा सल्लाही अजून ऐकू येतो. अळ्या गुदमरतात हे खरे, पण ते तेल पुढच्या पावसात ओढ्यात आणि जमिनीत मुरून विहिरीत उतरते. डासांसाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळणे, टाक्यांना झाकण लावणे आणि कायमच्या डबक्यांत गप्पी मासे सोडणे हे उपाय कमी खर्चाचे आणि निर्धोक आहेत. घराच्या आतल्या लाकडाला आणि जनावरांच्या जखमेला तर जळके ऑइल कधीच लावू नये.

कायद्याच्या दृष्टीने वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांत त्याचा समावेश आहे. २०२३ मध्ये या नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकण्यात आली. ही जबाबदारी कागदावर राहू नये, तर तेल गॅरेजपासून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रापर्यंत पोहोचले पाहिजे. तिथे त्यातील पाणी व इंधन उडवले जाते, निर्वात पात्रात तेल ऊर्ध्वपातित केले जाते आणि हायड्रोजनच्या साहाय्याने शुद्ध केले जाते. मूळ तेल फारसे झिजलेले नसते. ते फक्त मळलेले असते, त्यातील रसायने तेवढी संपलेली असतात. ती पुन्हा मिसळली की त्याच तेलाचे नवे इंजिन ऑइल होऊ शकते. ते गटारात ओतणे म्हणजे पाणी नासवण्याबरोबर परदेशातून आयात केलेल्या खनिज तेलाची नासाडी करणेही आहे.

सर्व्हिसिंगला गाडी दिली, की बहुतेक मालक एकच प्रश्न विचारतात: खर्च किती? त्यात आणखी तीन प्रश्नांची भर घालायला हरकत नाही. पुस्तिकेतला दर्जा भरला का? ऑइलबरोबर फिल्टरही बदलला का? आणि काढलेले जुने ऑइल कोण घेऊन जाते? तिसऱ्या प्रश्नाला गॅरेजवाल्याकडे सरळ उत्तर असेल, तर त्या गॅरेजला पुन्हा जावे. घरीच ऑइल बदलणाऱ्याने जुने तेल झाकणाच्या डब्यात भरावे. त्यात पाणी, पेट्रोल, ब्रेक ऑइल किंवा रंग मिसळू नये, कारण भेसळ झाली की पुनर्प्रक्रिया अवघड होते. तो डबा अशा गॅरेजमध्ये नेऊन द्यावा. आणि आपल्या गाडीखाली पडून ऑइल काढणाऱ्या पोरासाठी हातमोज्यांचा एक जोड सोबत न्यावा. ऑइलच्या डब्याच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.